पिंपळगाव बुद्रुक कुठे गेले?

आत्ताच पडद्यावर पाहिलेत तुम्ही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत जिओपांडाज हे नकाशांच्या माहितीचे साधन घेतले, एका ओळीत गावांच्या हद्दींची शेपफाइल वाचली आणि नकाशा उमटला. मला बोलायचे आहे ते ती ओळ लिहून झाल्यावर, पण नकाशा काढण्याआधी, जी पाच मिनिटे द्यावी लागतात त्यांच्याबद्दल.

शेपफाइल या एसरी कंपनीच्या जुन्या प्रकाराला आपण फाइल म्हणतो, पण तो जुडगा असतो. आकार एसएचपीत, ते कुठे सापडतील याची सूची एसएचएक्समध्ये आणि गावाचे नाव, लोकसंख्या असा तक्ता डीबीएफमध्ये. या तिन्ही हव्यातच. चौथी पीआरजे, म्हणजे आकडे कोणत्या निर्देशांक-पद्धतीतले ते सांगणारी, सक्तीची नाही, म्हणून नेमकी तीच पाठवायची राहते. मग सीआरएस, म्हणजे ती पद्धत, विचारली की उत्तर येते 'नन', म्हणजे काहीच नाही. अशा वेळी सीमांचे आकडे बघा. ७३ आणि १८ च्या आसपास असतील तर ते रेखांश-अक्षांश. लाखांत असतील तर बहुधा मीटर. क्षेत्रफळ काढायला मीटर लागतात, आणि आपले राज्य यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या, दोन विभागांत पडते: ७८ रेखांशाच्या पश्चिमेला ४३, पूर्वेला ४४. पुणे एकात, नागपूर दुसऱ्यात. 'सेट सीआरएस' नुसती पद्धतीच्या नावाची चिठ्ठी चिकटवते, 'टू सीआरएस' आकडे बदलते. या दोघांत गल्लत करू नका.

आता मराठी नावांकडे येऊ. माझा जीव इथे अडकलेला आहे. डीबीएफमध्ये कॉलमच्या नावाला जागा १० बाइटांची. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अक्षराला ३ बाइट लागतात. काना, उकार, अनुस्वार यांनाही प्रत्येकी ३. म्हणजे 'तालुका' लिहायला गेलात तर 'ताल' एवढेच मावते. कॉलमचे नाव तुटले तर निदान डोळ्यांना दिसते. आतला मजकूर तुटला तर कळतही नाही. 'पिंपळगाव' आणि पुढची मोकळी जागा मिळून २५ बाइट होतात. कोणी तो कॉलम २५ बाइटांचाच आखला असेल, तर पिंपळगाव बुद्रुक आणि पिंपळगाव खुर्द, दोघांचेही नुसते 'पिंपळगाव' उरते.

पाणीटंचाईच्या एका कामात मी हे पाहिले आहे. टँकरच्या यादीत नावे पूर्ण होती, नकाशात तुटलेली. नावावरून यादी आणि नकाशा यांची जोड लावली, तेव्हा दोन्ही गावे कोरी राहिली. पायथनने एकही चूक दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालीच नव्हती. टंचाईच्या नकाशावर कोरे गाव म्हणजे तिथे टँकरची गरज नाही, असेच वाचले जाते.

म्हणून जोड लावण्याआधी एकाच तालुक्यात तेच नाव दोनदा येते का ते तपासा. जोड लावल्यावर रिकाम्या ओळी मोजा. जनगणनेचा गाव-संकेतांक मिळाला तर नावाऐवजी तोच वापरा, आणि तो मजकूर म्हणून वाचा. आकडा म्हणून वाचला तर सुरुवातीची शून्ये गळतात. काम पुढे द्यायचे असेल तर जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात जतन करा: सगळे एकाच फाइलीत राहते आणि 'तालुका' पूर्ण मावतो. मात्र आधीच तुटलेले नाव त्यातूनही परत येत नाही. ते ज्यांच्याकडून आले, त्यांच्याकडे मूळ तक्ता मागावा लागतो.