कैसरचा रुपया

[पडद्यावर चांदीचं एक नाणं. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

हे नाणं नीट बघा. डोक्यावर गरुड बसवलेलं शिरस्त्राण, पिळदार मिशा. हा जर्मनीचा कैसर, दुसरा विल्हेल्म. आता मागची बाजू. सिंह, ताडाचं झाड, साल १८९०. आणि जर्मन अक्षरांत चक्क लिहिलंय, 'एक रुपया'. वजन तेव्हाच्या आपल्या रुपयाइतकंच, एक तोळा. मोड घ्यायची तर ६४ पेसा.

जर्मन पूर्व आफ्रिका म्हणजे मुख्यतः आजचा टांझानिया. तिथल्या किनाऱ्यावरचा बराचसा व्यापार कच्छी-गुजराती पेढ्यांकडे, आणि त्यांच्या वह्या रुपयांत. राज्य कैसरचं, पण गल्ल्यात रुपयाच.

[जुना नकाशा]

जर्मनांना वसाहती नीट चालवता आल्या असत्या, तर? जर-तरच्या या खेळात लोक आधी नकाशा रंगवतात. कॅमेरूनपासून हिंदी महासागरापर्यंत एकच रंग ओढला की झालं साम्राज्य! पण भोवतालच्या समुद्रावर ब्रिटिश आरमार होतं, ते या रंगानं पुसलं जात नाही. खरा 'तर' शोधायचा तर कापसाच्या शेतात उतरावं लागेल.

सुरुवातच फुकटेपणाची. १८८४मध्ये कार्ल पेटर्स नावाच्या जर्मनानं स्थानिक प्रमुखांकडून करारांवर अंगठे घेतले, आणि पुढच्या वर्षी जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क यानं त्याच्या कंपनीला सनद दिली. हिशेब असा, की खर्च कंपनीचा आणि झेंडा जर्मनीचा. १८८८मध्ये किनारा पेटला, कंपनीचे हात टेकले, सरकारी तिजोरीतून फौज पाठवावी लागली. १८९१पासून कारभार थेट सरकारनं घेतला. मग झालेला खर्च वसूल कुणाकडून करायचा? झोपडीपट्टी आली, म्हणजे दर झोपडीमागे कर. आणि पाठोपाठ कापूस.

[डोंगरउतार, लाल माती]

मातुंबी डोंगरातलं नांदेते गाव, जुलै १९०५. गावाच्या सामाईक शेतात सक्तीनं कापूस लावायचा, मग स्वतःचं शेत तणात गेलं तरी चालेल. एके दिवशी काही जणांनी त्या शेतातली दोन-चार रोपं उपटून टाकली. युद्धाची घोषणा ती एवढीच. किंजिकितिले नावाच्या भगतानं मंतरलेलं पाणी दिलं होतं, त्यानं बंदुकीच्या गोळीचं पाणी होईल म्हणून. पाण्याला स्वाहिलीत 'माजी' म्हणतात, म्हणून हे माजी-माजी बंड. गोळ्यांचं पाणी झालं नाही. फौजेनं उभी पिकं आणि धान्याच्या कणग्या जाळल्या, आणि गोळीपेक्षा जास्त माणसं भुकेनं गेली. मृतांचे अंदाज ७५ हजारांपासून ३ लाखांपर्यंत आहेत. त्याआधी वर्षभर, जर्मनांच्याच नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, जनरल फॉन ट्रोथानं हेरेरो जमातीच्या संहाराचा लेखी हुकूमच काढला होता.

एवढं झाल्यावर बर्लिनला जाग आली. १९०६मध्ये रेखेनबर्ग गव्हर्नर झाला, १९०७मध्ये डेर्नबुर्ग नावाचा बँकवाला वसाहत खात्यावर. बँकवाल्याचं गणित सरळ होतं. माणूसच मेला तर पिकवणार कोण आणि कर देणार कोण? आफ्रिकी शेतकऱ्याला स्वतःच्या रानात स्वतःसाठी पिकवू द्या. बुकोबाकडच्या कॉफीनं ते खरं करून दाखवलं. टांगा बंदराकडच्या घायपाताच्या गोऱ्या मळेवाल्यांनी मात्र बोंब ठोकली. त्यांना शेतकरी नको होता, मजूर हवे होते. १९१२मध्ये रेखेनबर्गच्या जागी नवा गव्हर्नर आला.

रेखेनबर्ग आणि डेर्नबुर्ग दहा वर्षं आधी आले असते तर? नांदेतेच्या कणग्या भरलेल्या राहिल्या असत्या, हे नक्की. कापूसही बहुधा जास्त निघाला असता. यशस्वी वसाहत म्हणायचं ती हीच, जिथला माणूस फारशी कुरकुर न करता परक्याला कर देतो!

[समुद्र, आगबोटी]

आणि १९१४चं महायुद्ध? ते टळलं नसतं. नोव्हेंबरात मुंबईहून निघालेले ब्रिटिशांचे सुमारे ८ हजार सैनिक टांगाला उतरले. जर्मन सेनापती लेटोव्ह-फोरबेकच्या जेमतेम हजारभर लोकांनी त्यांना परतवलं. दोन्ही बाजूंना मधमाश्या डसल्या त्या वेगळ्याच. जर्मन लढाई जिंकले, पण समुद्र बंद झाला तो झालाच. बर्लिनहून नाणीसुद्धा येईनात.

[सोन्याचं नाणं. पार्श्वभूमीला हातोड्याचा आवाज]

मग १९१६मध्ये टाबोराच्या रेल्वे कारखान्यात, जिथं इंजिनं दुरुस्त व्हायची तिथंच, हे नाणं पाडलं. एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला डोंगरापुढं सोंड उंचावलेला हत्ती. किंमत, १५ रुपये. त्याच सप्टेंबरात बेल्जियन फौजा टाबोरात शिरल्या.