गिलाव्यामागचा खांब

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात. आपल्या इमारतीचं नाव दिसलं की घरोघरी एकच काळजी: पाडणार, की दुरुस्त होणार? उत्तर बहुतेक वेळा तळमजल्यावरच्या खांबांत असतं.

हा खांब बघा. इमारत सत्तरच्या दशकातली, आरसीसीची. कोपऱ्यावर उभी चीर गेलीय, अगदी आतल्या सळईच्या रेषेत. मिस्त्री हातोडीनं हलकेच ठोकतो. भरीव जागी आवाज खणखणीत येतो, चिरेजवळ बद्द. तिथला गिलावा उतरवला की गंजाचे पापुद्रे नुसत्या बोटांनी सुटतात.

ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) साडेबाराच्या पुढे असतो, आणि तोवर सळईवर गंजापासून वाचवणारं पातळ कवच टिकून राहतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत राहतो, सामू नऊच्या आसपास उतरतो आणि ते कवच जातं. त्यात समुद्राची खारी हवा आणि संडास-बाथरूमची गळती. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. बाहेर दिसणारी चीर ही आतल्या त्या दाबाची खूण आहे. अशा चिरेवर पुट्टी मारून रंग देणं म्हणजे दुखणं झाकणं. सोसायटीचा पैसा आधी रंगावर जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे सामू दाखवणारं रसायन शिंपडलं, की जिथं सामू टिकून आहे तिथं गडद गुलाबी रंग येतो. सळईभोवती रंगच आला नाही, तर संरक्षण संपलंय. अशा चाचण्यांवरून इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे तातडीनं पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. मुंबईत तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. नोटिशीची वाट कशाला पाहायची?

गिरगाव-काळबादेवीच्या लाकडी चाळींचं दुखणं वेगळं. तिथं सागवानी तुळईचं टोक नहाणीच्या ओल्या भिंतीत कुजतं, आणि शेजारी लोखंडी गर्डर देऊन तिचा भार उचलावा लागतो.

पुन्हा आपल्या खांबाकडे. फोडाफोडीच्या आधी टेकू लागतात, आणि गरज असेल तिथं मजल्यामागून मजले, थेट जमिनीपर्यंत. मग सैल काँक्रीट सळईच्या मागे बोट फिरेल इतकं काढतात. पुढची बाजू घासून मागचा गंज तसाच ठेवला, तर काही पावसाळ्यांत तीच चीर परत येते. सळई चकाकेपर्यंत घासायची. फार झिजली असेल, तर शेजारी नवी सळई बांधायची. मग गंजरोधक लेप, जुनं-नवं काँक्रीट धरून ठेवणारा बाँडिंग कोट, आणि थरावर थर पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल.

खांबच कमजोर झाला असेल, तर जॅकेटिंग करतात. भोवती नवा सळ्यांचा पिंजरा, जुन्या खांबात भोकं पाडून केमिकलनं बसवलेल्या आडव्या सळ्या, साचा, आणि त्यात पातळ, ओतता येणारं मायक्रोकाँक्रीट. इथं घाई करणारे लादीपाशी थांबतात. पण खांबाला जादा ताकद द्यायची, तर जॅकेट लादी फोडून पायापर्यंत न्यावं लागतं. नाहीतर नव्या काँक्रीटवर आलेला भार जमिनीत पोचायचा कसा?

आणि हे सगळं करताना वरची गळती चालूच असेल, तर पैसे पाण्यात. गच्ची आणि पाइप आधी.

दुरुस्ती चालू असताना कमिटीतल्या कुणीतरी रोज खाली उतरावं. सळई उघडी असतानाच स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून तिची जाडी मोजून घ्यावी, प्रत्येक खांबाचे फोटो क्रमांक टाकून ठेवावेत, आणि कन्सल्टंटची सही झाल्याशिवाय एकाही खांबावर गिलावा चढू देऊ नये.