डिकी उघडा

(रात्र. बॅरिकेड, बॅटऱ्यांचा उजेड.)

रात्रीचे साडेअकरा. पुण्यातला एक चौक. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण हा देखावा शहरात कुठेही दिसेल. पिवळे बॅरिकेड तिरके लावलेत, मधून एक गाडी जेमतेम निघेल एवढी वाट. बॅटरी आधी नंबरप्लेटवर पडते, मग तोंडावर.

आता नीट ऐका. पांढऱ्या एसयूव्हीला: "चला साहेब, पुढे घ्या." तिच्या मागच्या डिलिव्हरीवाल्याला: "ए, बाजूला घे." आम्ही गाड्या मोजत बसलो नाही, कॅमेरा चालू ठेवला. 'घ्या' कोणाला आणि 'घे' कोणाला, ते तुम्हीच बघा.

(स्कूटरची डिकी, जवळून.)

सीटखाली काय काय असतं पुणेकराच्या? ओला रेनकोट. भाजीची रिकामी पिशवी. पीयूसीचा चुरगळलेला कागद. डब्यातून सांडलेल्या आमटीचा डाग. आणि औषधांची एक पुडी, जिच्यावर दवाखान्याचं नाव छापलंय. बाईंनी ती पटकन पालथी घातली. हात पुढे आला, पुडी सुलटी झाली, नाव वाचलं गेलं. "जा." संपलं. या सात सेकंदांसाठी आम्ही हा माहितीपट केला, असं म्हटलं तरी चालेल.

(कसबा पेठ, सकाळ. वाड्याचा दरवाजा, दगडी उंबरा.)

झडती हा शब्द पुण्याला नवा नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. प्लेगच्या बंदोबस्तासाठी वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हाताखाली समिती नेमली गेली, आणि मार्चपासून गोरे सोल्जर याच गल्ल्यांतून घरोघर शिरू लागले. कोणी आजारी लपवलाय का, प्रेत दडवलंय का, हे बघायला. या उंबऱ्यावरून बूट आत गेले, थेट माजघरात आणि देवघरात. सामान बाहेर काढून जाळलं. काखेत, जांघेत गाठ आहे का ते बघण्यासाठी माणसांना, बायकांनासुद्धा, उघड्यावर तपासल्याच्या तक्रारी झाल्या. हेतू विचाराल तर साथ आटोक्यात आणण्याचा. तो खोटा होता असंही म्हणवत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांची गोष्ट तिथे जाहीर केली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. नावानिशी पुढे यायला कोणी धजेना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. घडलेल्या झडतीचा कागद नसला की काय होतं, ते या शहराने तेव्हाच पाहिलंय.

(गणेशखिंड रस्ता, मेट्रोचे खांब, वाहतूक.)

पुढचं शाळेत शिकलेलंच आहे. २२ जून १८९७ ची रात्र, हाच रस्ता, चापेकर बंधू. रँडसोबतचा लेफ्टनंट आयर्स्ट गोळी लागून जागीच गेला, रँड ३ जुलैला.

(पुन्हा चौक. बॅरिकेडवरची जाहिरात.)

आज कायदा काय म्हणतो? गणवेशातल्या पोलिसाने लायसन मागितलं तर दाखवावं लागतं, मोबाईलमधलं डिजीलॉकरही चालतं. घराची झडती घ्यायची तर त्याच भागातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ५० आहे: अंगझडतीआधी 'मला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या' असं सांगण्याचा हक्क. मात्र तो अंगावरच्या झडतीपुरता, पिशवीला लागू नाही. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं. कलम १७२ मात्र दुसऱ्या टोकाचं: पोलिसांची कायदेशीर सूचना ऐकली नाही तर ताब्यात घेता येतं. 'कायदेशीर' म्हणजे कुठली, हे रात्री साडेअकराला रस्त्यावर कोण ठरवणार?

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ तर ऐकण्यासारखं आहे. सूर्यास्त ते सूर्योदय, गुन्ह्याच्या इराद्याने चेहरा झाकून सापडलेला माणूस त्यात येतो. 'इराद्याने' हा शब्द तिथे आहे हे बरं. नाहीतर स्कार्फ गुंडाळून गाडी चालवणारं निम्मं पुणं आत गेलं असतं.

(सदाशिव पेठ, अभ्यासिका. मुलाची पाठ, हातात फोन.)

हा मुलगा एमपीएससीची तयारी करतो. त्याच्याच शब्दांत: "म्हणाले, फोन दे, लॉक काढ. काढलं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'माल' असं टाइप केलं. पप्पांचा मेसेज आला वर. माल मार्केटला पोचला, भाव पडलाय."

कांद्याचा माल. साहेबांनाही हसू आलं म्हणे. पण फोन लगेच परत मिळाला नाही, आधी फोटो चाळून झाले. २०२१ मध्ये हैदराबादला असंच दुचाकीस्वारांना थांबवून चॅटमध्ये 'गांजा' शोधतानाचे व्हिडिओ देशभर फिरले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, त्याला तेव्हा ४ वर्षं झाली होती.

मुलगा आता अभ्यासिकेतून नऊलाच निघतो.

(चहाची टपरी. हवालदारांचे हात, कटिंगचा ग्लास.)

पोलिसांचंही ऐकलं पाहिजे. जुलै २०२३ मध्ये कोथरूडमध्ये रात्रगस्तीवरच्या दोघांनी मोटारसायकल चोरणारे पकडले. ते निघाले राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले. हे उदाहरण टपरीवर आम्हाला लगेच सांगितलं गेलं, अभिमानाने, आणि अभिमान रास्तच आहे. फक्त एवढंच, की ते दुसऱ्याच्या गाडीशी खटपट करताना सापडले होते. संशयाला कारण होतं.

न्यूयॉर्कमध्ये २०११ साली पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा लोकांना थांबवलं. दहातल्या जवळपास नऊ वेळा पुढे काहीच निघालं नाही. २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. हे आकडे आले कुठून? दर वेळी पोलिसांना एक फॉर्म भरावा लागे, त्यातून. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्याने झडतीच्या नोंदीची प्रत मागता येते.

आमच्या चित्रणात त्या रात्री पावत्या फाडल्या गेल्या त्या हेल्मेटच्या आणि दारूच्या. डिकी उघडून काही न सापडलेल्यांसाठी कोणी पेन उघडलेलं दिसत नाही.

(पहाटे दोन. बॅरिकेड सरकवले जातात. शेवटची स्कूटर.)

"कुठून आलात?"

"ड्युटीवरून, साहेब."

"डिकी उघडा."

रेनकोट. डबा. टॉवेल.

"जा."