मोहफुलांच्या दिवसांत

(पहाटेचा अंधूक उजेड. मोहाच्या झाडाखाली पसरलेली फिकट पिवळी फुलं. निवेदन सुरू.)

एप्रिल महिना. चिमूरहून कोलाऱ्याकडे जाणारा रस्ता. मोह रात्रभर गळत होता. गाडीची काच खाली केली की त्याचा गोड, किंचित आंबूस वास आत येतो. हा वास चितळाला येतो, रानडुकराला येतो, अस्वलाला तर फार लांबून येतो. आणि गुरांनी किंवा जनावरांनी फुलं खाऊन टाकायच्या आत ती वेचायला गावातला माणूसही टोपली घेऊन ह्याच झाडाखाली आलेला असतो.

विदर्भातला उन्हाळा असा असतो. सावली थोडी, पाणी त्याहून थोडं, आणि त्यात वाटेकरी खूप.

ह्याच दिवसांत आपणही निघतो. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, टिपेश्वर. डिकीत तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन, मागच्या सीटवर मुलं. सफारीच्या तीन-चार तासांत गाइड आणि चालक आपली काळजी घेतात. ही चित्रफीत उरलेल्या वीस तासांविषयी आहे.

(नकाशा: ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. गाभा आणि बफर वेगळ्या रंगांत.)

ताडोबाचा गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटरचा. त्याच्याभोवती बफर, सुमारे 1100 चौरस किलोमीटर. ह्या बफरमध्ये गावं आहेत, धानाची शेती आहे, शाळा आहेत, एसटीचे थांबे आहेत. आणि वाघही आहेत. सफारीचं गेट आपल्यासाठी असतं, तिकीट तपासायला. वाघाला ते ठाऊक नसतं. गेटबाहेर आलो म्हणजे जंगल संपलं, असं समजून जो ढाब्यामागच्या झुडपात निर्धास्त शिरतो, त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

तंबू कुठे लावायचा हा पहिला प्रश्न. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय शिरणं आणि मुक्काम करणं हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विचार सोडाच. वनविभागाची निवास संकुलं आहेत, गावात घरगुती मुक्कामाची सोय होते, एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या अंगणातही तंबू लावता येतो. विचारून, हे महत्त्वाचं. काल रात्री त्या बाजूला काय फिरलं, हे त्यालाच माहीत असतं.

(दृश्य: आटलेला तलाव. मधोमध उरलेलं पाणी. कडेच्या चिखलात खुरांचे ठसे.)

पूर्व विदर्भात गावोगावी मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारांच्या काळात बांधलेले हे तलाव आणि शेतातल्या लहान बोड्या आजही धानाला पाणी देतात. मे उजाडेपर्यंत त्यातल्या कितीतरी आटतात. जिथे पाणी उरतं, तिथे आसपासचं सगळं रान उतरतं. संध्याकाळी चितळं, रात्री सांबर, डुकरं, आणि त्यांच्या मागावर येणारा. काठावरची गार हवा शहरातून आलेल्या माणसाला तंबूसाठी उत्तम जागा वाटते. खरं तर पाण्याजवळची जागा जितकी सुंदर, तितकी ती रात्री दुसऱ्या कुणाची असते. कोरड्या नाल्याचंही तेच. पांढरी मऊ वाळू पाहून चटई टाकावीशी वाटते, पण वाघ आणि बिबट्या चालायला मोकळी वाटच निवडतात: नाल्याचं पात्र, बैलबंडीची चाकोरी, पांदण. त्या वाळूत सकाळी एकदा नीट बघा. रात्रीची सगळी ये-जा तिथे उमटलेली असते.

दिवेलागणीनंतर मुलांना एकटं लांब जाऊ देऊ नका. कुत्रा सोबत आणणार असाल, तर नका आणू. कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य आहे, आणि त्याच्या मागे बिबट्या थेट तुमच्या अंगणापर्यंत येतो. रात्री शौचाला जायचं तर दोघांनी, मोठा टॉर्च घेऊन, बोलत. वाकलेला, बसलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही, असं वनरक्षक आवर्जून सांगतात. मोह वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे वाकूनच काम करतात. चंद्रपूर जिल्ह्यात ह्या कामांच्या दिवसांत माणसं गेली आहेत. त्या घरांचं दुःख डोळ्यांसमोर ठेवूनच ह्या सूचना ऐकाव्यात.

(दृश्य: रात्र. अंगणात बाज, तिच्यावर मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेल्या.)

वाघाची भीती सगळ्यांना असते. मण्यार सापाची फारशी कुणाला नसते, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर सांगतो. काळा, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक रेघा. दिवसा गप्प, रात्री हिंडणारा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो अंथरुणात येऊन चावतो. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही, पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. लोक म्हणतात, उन्हाचं पित्त झालं असेल, किंवा कालचं जेवण बाधलं. ह्या समजुतीत जातो तो वेळ जीवघेणा असतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अशी लक्षणं दिसली, तर दंशाची खूण सापडो न सापडो, 108ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्या चौघांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष चालतं. त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याच्या मागे धावायची गरज नाही. चावल्या जागी चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका, दोरी करकचून आवळू नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालायला लावू नका, धीर देत न्या. मांत्रिकाकडे आधी आणि डॉक्टरकडे नंतर, असा क्रम तर कधीच नको.

आणि मुळात बाजेवर झोपा. विदर्भात उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपायची रीत आहे. त्यात गारव्याइतकंच हेही शहाणपण आहे. बाज नसेल तर चेन पूर्ण बंद होणारा तंबू. उरलेली पोळी, बिस्किटं उघडी ठेवू नका, त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. सकाळी बूट झटकूनच घाला, विंचवाला तिथला काळोख आवडतो.

(दृश्य: उंच झाडाच्या फांदीखाली लोंबणारं आग्यामोहोळ.)

दुपारी गाडी लावायला सावली शोधाल, तेव्हा आधी वर बघा. अर्जुनाच्या, सावरीच्या उंच फांद्यांना, पुलाच्या कमानीखाली आग्यामोहोळ असतं. खाली चूल पेटली, धूर वर गेला, कुणी गंमत म्हणून दगड भिरकावला, की हजारो माश्या उतरतात. मग हात झटकत उभं राहू नका. तोंड-डोळे झाकून धावा, गाडीत बसा, काचा लावा. काटे नखाने खरवडून लगेच काढा. खूप काटे लागले, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा श्वास जड झाला, तर थेट दवाखाना. चुलीविषयी आणखी एक. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम असतो. पानगळीचा वाळलेला थर ठिणगीची वाटच पाहत असतो. जंगलाच्या कडेला उघड्यावर विस्तव नको, सिगारेटचं थोटूकही नको.

(दृश्य: संध्याकाळचा डांबरी रस्ता. हेडलाइटमध्ये चमकणारे डोळे.)

रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, की गाडी लगेच पुढे काढू नका. एकामागे दुसरा असतोच. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचजवळ जनावरांसाठी रस्त्याखालून मार्ग केले आहेत, पण आतल्या रस्त्यांवर ती सोय नाही. तिथे आपला वेग हीच सोय. शक्यतो अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा.

आणि वाघच दिसला तर? गाडीत असाल तर लांब थांबा, काचा वर, दार बंद, त्याची वाट मोकळी. 2024च्या 31 डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं. चित्रफिती सगळीकडे पसरल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पिल्लांसह कोंडलेली आई पाहून मोबाइल उचलावासा वाटणं, हे मला आजही समजत नाही. पायी असाल तर पळू नका, पाठ फिरवू नका, खाली बसू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून, मुलांना उचलून घेऊन, हळूहळू मागे सरका. गावाजवळ वाघ, बिबट्या, जखमी जनावर दिसलं, तर वनविभागाला 1926 ह्या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

अस्वलाचं वेगळं. त्याला आपली चाहूल उशिरा लागते, आणि अगदी समोर आलो की ते घाबरून अंगावर येतं. पाठीवर पिल्लं असतील तर जास्तच. हल्ला झालाच तर पालथं पडून मान आणि चेहरा हातांनी झाकायचा, कारण त्याची लांब नखं आधी तिथेच येतात. पण ती वेळ टाळता येते. अस्वलाला आपण यायच्या आधी आपला आवाज पोचला पाहिजे. मोह आणि टेंभरं (तेंदूची फळं) ह्यांच्या दिवसांत झाडीतून जाताना गप्प राहायचं नाही.

(दृश्य: ताडोबा तलावाचा काठ. झाडाखालचं तारूचं ठाणं.)

ताडोबाचं नाव तारूवरून आलं, असं इथे सांगतात. तारू गोंड गावाचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला, आणि तलावाकाठी त्याचं ठाणं झालं. पौषात तिथे आदिवासी जमतात. ज्या जंगलाचं नाव वाघाच्या हातून गेलेल्या माणसावरून पडलं, तिथल्या लोकांना वाघाचा द्वेष करता आला असता. त्यांनी त्याच्याशेजारी राहायच्या वेळा ठरवून घेतल्या. उजाडल्याशिवाय झाडीत शिरायचं नाही. एकट्याने जायचं नाही. पाच-सहा जणी वेचत असतील, तर एकीने उभं राहून चौफेर बघायचं.

(दृश्य: सकाळ. कॅमेरा गाडीच्या आतून. रस्ता रिकामा.)

ऊन कोवळं आहे. आम्ही गाडी कडेला लावून थांबलो आहोत, इंजिन बंद. झाडीत अजून कुणी दिसत नाही. आधी आवाज येतो. कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाचं बोलणं चाललंय, कुणी मोठ्याने हसतंय, कुणी मागे राहिलेल्या काकूला हाका मारतंय. मग सागाच्या वाळक्या पानांची चुरचुर. मग डोक्यावर मोहाच्या भरल्या टोपल्या घेतलेल्या बाया, एकीमागे एक, रस्त्यावर येतात.