दोन गाड्यांच्या मधला वेळ : कुर्डुवाडीची गेलेली दुकाने

स्टेशनासमोरच्या या रस्त्यावर एके काळी रात्री दोन वाजतासुद्धा भज्यांची कढई चुलीवर असे, हे आज इथल्या शाळकरी मुलांना सांगितले तर त्यांना ते खरे वाटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले कुर्डुवाडी वाढले ते रेल्वेभोवती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मार्ग 1860 च्या सुमारास कुर्डू गावाच्या शेजारून गेला आणि तिथे जे स्टेशन उभे राहिले त्याला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. बार्शी मात्र तिथून सुमारे 35 किलोमीटर लांब होती. फलकावर ज्या गावाचे नाव वाचून माणूस उतरला, ते गाव गाठायला त्याला अजून बैलगाडीचा प्रवास करायचा असे. इथल्या दुकानांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे असा अर्ध्या वाटेवर उतरलेला माणूस, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे गावाचा बराचसा धंदा त्याच्यावरच चालला.

1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कंपनीने इथून बार्शीपर्यंत अरुंद रुळांची गाडी सुरू केली. पुढे तीच लाइन 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. लोक तिला ‘बार्शी लाइट’ म्हणत, आणि रेंगाळणाऱ्या माणसालाही थट्टेने तेच नाव देत. मुख्य मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर 1676 मिलिमीटर, तर बार्शी लाइटचे 762 मिलिमीटर. या फरकामुळे एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नव्हता. लातूरहून मुंबईला निघालेल्या माणसाने इथे उतरलेच पाहिजे, बोचके डोक्यावर घेऊन फलाट बदललाच पाहिजे आणि मोठी गाडी येईपर्यंत कुठेतरी टेकलेच पाहिजे. या टेकण्यातूनच गावातली हॉटेले जन्माला आली.

त्या हॉटेलांची आतली मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच असे. दर्शनी भागात गल्ला, त्याच्यामागे देवाच्या तसबिरीपुढे जळणारी उदबत्ती, काचेच्या कपाटात शेव, चिवडा, बुंदीचे लाडू, आणि आत लाकडी बाकडी. चहा कपबशीत येई, आणि गाडीची घंटा झाली की तो बशीत ओतून दोन घोटांत संपवण्याची कला इथल्या प्रत्येक प्रवाशाला अवगत होती. मुंबई आणि सोलापूर यांच्यामध्ये धावणाऱ्या अनेक गाड्या या भागातून रात्री जात, त्यामुळे मालकाला दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा असे दोन आचारी ठेवावे लागत. या हॉटेलांचा एक अलिखित नियम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. खेड्यातून आलेली माणसे फडक्यात बांधलेली भाकरी घेऊनच निघत, पुरे जेवण विकत घेण्याची ऐपत बहुतेकांना नसे. पण एक प्लेट भजी आणि चहा मागवला की बाकड्यावर बसून घरची भाकरी सोडायला कोणी हरकत घेत नसे, आणि पाण्याचा तांब्या मागितल्याशिवाय समोर येई. बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत, अशी पाटी लावणारे हॉटेल त्या काळी इथे एक दिवसही टिकले नसते.

माणसांप्रमाणे मालालाही इथे गाडी बदलावी लागे. बार्शी-लातूरकडून येणारी तूरडाळ, ज्वारी, कापूस छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत भरायचा, आणि मुंबईकडून आलेला माल उलट दिशेने चढवायचा, ही सगळी पलटी हमालांच्या पाठीवर होत असे. क्विंटलभराचे पोते वाहणाऱ्या माणसाची भूक चिवड्याने भागत नाही. त्यांच्यासाठी मागच्या गल्ल्यांत वेगळ्या खानावळी होत्या, जिथे ज्वारीच्या भाकरी, पिठले, आमटी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी एवढाच बेत वर्षभर चाले. अशा खानावळी बहुधा बायका चालवत. भाकरी किती खाल्ल्या हे मोजायचे नाही, असा तिथला रिवाज होता. गिऱ्हाईक पोत्यांचा हिशेब दिवसभर करून आलेले असे, ताटावर तरी त्याची सुटका व्हावी. दुर्दैवाने स्टेशनासमोरच्या हॉटेलांची निदान काही छायाचित्रे कौटुंबिक संग्रहांत सापडतात, या खानावळींचे छायाचित्र काढावे असे मात्र कोणालाच वाटले नाही.

1954 मध्ये सरकारने बार्शी लाइट ताब्यात घेतली आणि इथल्या वर्कशॉपचे कामगार मध्य रेल्वेचे नोकर झाले. दरमहा ठरलेल्या तारखेला येणारा पगार ही या कोरडवाहू तालुक्यात नवलाचीच गोष्ट होती, आणि किराणा दुकानदारांनी तिची किंमत लगेच ओळखली. महिनाभर माल लाल कापडी बांधणीच्या खातेवहीत मांडायचा आणि पगार झाला की खाते मिटवायचे. पावसावर पीक आणि पिकावर उधारी अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला जे मिळत नसे, ते फिटरला आणि पॉइंट्समनला मिळे. गावातला हा भेद हॉटेलात जाणवत नसला, तरी किराण्याच्या फळीपुढे उभे राहिले की लगेच कळे.

सायकली तासावर भाड्याने देणारी दुकाने, शेगडी फुंकत नवसागर आणि कथलाने पितळी भांडी उजळणारे कल्हईवाले, गोटी सोड्याचे कारखाने हे इतर गावांत होते तसेच इथेही होते, आणि घरोघरी आलेल्या मोटारसायकली, स्टेनलेस स्टील आणि बाटलीबंद पेये यांच्यामुळे जसे ते सगळीकडून गेले तसे इथूनही गेले. घड्याळजीची गोष्ट थोडी निराळी. ज्या गावात पाच मिनिटांच्या चुकीने पंढरपूरची गाडी निसटून पुढचे सगळे वेळापत्रक कोसळे, तिथे घड्याळ ही चैन नव्हती. डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळजी स्टेशनच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवी आणि बाजारपेठ त्याच्या घड्याळाशी स्वतःची घड्याळे जुळवी.

धंद्याचा खरा हंगाम आषाढी आणि कार्तिकीचा. पंढरपूर इथून पन्नासेक किलोमीटर. वारीच्या दिवसांत छोट्या गाडीच्या टपावरसुद्धा माणसे बसत, आणि ज्यांना टपही मिळत नसे ते पुढच्या गाडीच्या आशेने फलाटावर, रस्त्यावर आणि दुकानांच्या पायऱ्यांवर झोपत. दुकानदार आपली फळी त्यांना निजायला देत. पंढरीची माणसे म्हणून देत हे खरे, आणि सकाळी पहिला चहा तिथेच होणार म्हणूनही देत.

ही साखळी तुटायला बरीच वर्षे लागली. पुणे-सोलापूर महामार्ग कुर्डुवाडीतून न जाता टेंभुर्णीवरून गेला, त्यामुळे मोटारींची वर्दळ आणि तिच्या जोरावर उभे राहिलेले धाबे तिकडे गेले. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर तालुक्यात ऊस आला, हातात पैसा आला, पण तो खर्च करायला माणूस स्टेशनावर येण्याचे कारण उरले नाही. शेवटी रूळ बदलले. पंढरपूरचा मार्ग 2002 च्या सुमारास रुंद झाला, लातूरकडचा 2008 पर्यंत, आणि 2010 च्या अखेरीस मिरजेपर्यंतचे काम संपले. या रुंदीकरणासाठी याच गावाने वर्षानुवर्षे मागणी केली होती, आणि ती रास्तच होती. तासन्‌तास ताटकळण्याला रम्य म्हणणे आज सोपे आहे. आजारी माणसाला घेऊन मिरजेच्या मिशन इस्पितळाकडे निघालेल्या कुटुंबाला ते बाकडे रम्य वाटले असेल, असे आम्हाला वाटत नाही.

लातूरहून मुंबईला निघालेला प्रवासी आता कुर्डुवाडीत गाडी थांबते तेव्हा झोपेत असतो. हॉटेलांच्या जागी मोबाइलची दुकाने आणि औषधांची दुकाने आली आहेत आणि रात्री दहाला शटर खाली येते. आषाढीच्या आठवड्यात मात्र जादा गाड्या सुटतात, तुळशीमाळा घातलेली माणसे फलाटाबाहेर पथाऱ्या टाकतात, आणि बंद शटरासमोर कोणीतरी हातगाडी लावून चहाचे पातेले चढवतो. फडक्यातली भाकरी सोडायला जागा विचारणाऱ्या म्हातारीला तो गाडीखालचे स्टूल बाहेर काढून देतो.