५८० व्होल्ट आणि बेळगावचा पाऊस

(पत्र्यावर पाऊस. टिळकवाडीतल्या घराची माडी. दोरीवर वाळत घातलेले कपडे, त्याखाली टेबल, टेबलावर झाकण काढलेला ॲम्प्लिफायर.)

जुलै महिना. हे कपडे चार दिवसांपासून इथंच आहेत, आणि अजून दमट आहेत. मिठाला पाणी सुटलंय, पापड सादळलेत, कपाटाचं दार फुगून बसलंय. बेळगावात पावसाळा म्हणजे काय हे बेळगावकराला सांगायला नको, आणि खानापूरवाल्याला तर नकोच नको. तो म्हणेल, हा काय पाऊस?

अशा हवेत या टेबलावर मी ५८० व्होल्ट सांभाळून ठेवतोय. ते तयार करायला फारसं काही लागत नाही. ते आपल्या जागेवर राहावेत, आजूबाजूला झिरपू नयेत, यातच माझे दोन पावसाळे गेले.

(हेडफोन जवळून. कानावरच्या जाळीतून आरपार उजेड दिसतो.)

हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन. साध्या हेडफोनमध्ये लोहचुंबक असतं, तारेची कॉइल असते. इथं दोन्ही नाहीत. मधे एक पडदा आहे, जेमतेम दीड मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला तर त्याचा चाळीस-पन्नासावा भाग. पडद्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेल्या धातूच्या जाळ्या, प्रत्येक जाळी साधारण अर्ध्या मिलिमीटरवर. पडद्यावर कायमचा विद्युतभार ठेवायचा. त्यासाठीच हे ५८० व्होल्ट, त्याला बायस म्हणतात. मग गाण्याचा सिग्नल दोन जाळ्यांवर उलटसुलट द्यायचा. एक जाळी ओढते, दुसरी ढकलते. पडद्याला ओझं म्हणून जवळजवळ काही नाही, त्यामुळे तो सांगितल्याबरोबर हलतो आणि थांब म्हटल्याबरोबर थांबतो.

जपानच्या स्टॅक्स कंपनीनं १९६० साली असा हेडफोन बाजारात आणला. ते त्याला हेडफोन म्हणतच नाहीत, इयरस्पीकर म्हणतात. सुरुवातीच्या मॉडेलांना २३० व्होल्टचा बायस पुरायचा. पुढं पडदा आणि जाळीतलं अंतर वाढवलं आणि बायस ५८० वर नेला. जुना प्लग सहा पिनांचा, नवा पाच पिनांचा. सहा पिनांचा प्लग पाच भोकांच्या सॉकेटात शिरत नाही, आणि ते मुद्दाम तसं केलंय. कमी अंतराच्या पडद्याला ५८० दिले तर तो जाळीला चिकटेल, नाहीतर आत ठिणगी पडेल.

आता ॲम्प्लिफायर. साध्या स्पीकरला एक वॅट द्यायला पावणेतीन-तीन व्होल्ट पुरतात, करंट मात्र भरपूर लागतो. इथं उलटा हिशेब. चांगला मोठा आवाज हवा तर जाळ्यांवर १०० व्होल्ट जायला हवेत, पण करंट? हेडफोन म्हणजे ११० पिकोफॅरॅडचा एक छोटासा कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग. १० किलोहर्ट्झला तो १,४५,००० ओहमचा अडथळा दाखवतो. म्हणजे करंट एक मिलिॲम्पियरसुद्धा नाही. एवढ्याशा करंटसाठी ॲम्प्लिफायरच्या पोटात अधिक ३५० आणि उणे ३५० व्होल्ट बाळगायचे, हीटसिंक तापवायचं आणि खोलीत पंखा लावायचा. बायकोला हे गणित अजून पटलेलं नाही.

(जुना ॲम्प्लिफायर. मागच्या पट्टीवर लिहिलेलं: १०० व्होल्ट.)

हा जुना जपानी ॲम्प्लिफायर मला पुण्यातल्या एका ओळखीच्यांकडून मिळाला. जपानात घरातली वीज १०० व्होल्ट, आपली २३०. म्हणून सोबत २३० चे १०० करणारा एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर होता. एका संध्याकाळी लाईट गेली. मी सगळे प्लग काढून ठेवले. लाईट यायच्या आधीच, अंधारात चाचपडत परत लावले. जपानी प्लगच्या चपट्या पिना आपल्या एक्स्टेन्शन बोर्डात आरामात बसतात, म्हणजे थेट २३० वर. लाईट आली. आधी गुरगुर, मग वार्निश जळाल्याचा वास. ॲम्प्लिफायरच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर गेला, चार कॅपॅसिटरच्या टोप्या फुगल्या. यात दोष कुणाचा, हे सांगायची गरज नाही. प्लग लावणारा हात माझाच.

तो जळका ट्रान्सफॉर्मर पिशवीत घालून मी उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत गेलो.

(उद्यमबाग. लेथचा आवाज, भट्टीची धग, रस्त्याकडेला लोखंडाचा चुरा.)

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. पुढं ते कारखान्यासह किर्लोस्करवाडीला गेले, पण यंत्राचा नाद या गावाला राहिला तो राहिलाच. आज उद्यमबागेत ओतकाम आहे, हायड्रॉलिक्सचे सुटे भाग आहेत, आणि मधल्या गाळ्यांतून मोटरी रिवाइंड करून देणारी माणसं आहेत. ऊस पिकवणाऱ्या मुलखात विहिरीवरची मोटर जळणं ही रोजचीच गोष्ट.

वाइंडिंगवाल्या काकांनी पिशवीत नाक घातलं. "जळलंय की गा हे."

मी म्हटलं, "काका, २३० ची प्रायमरी, आणि सेकंडरी २५०-०-२५० मिळेल का?" म्हणजे आत २३० घ्यायचे, आणि बाहेर मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना २५०-२५० काढायचे.

ते हसले. "व्हॉल्वच्या मशीनला लागायचा बघ असला. मंडळाच्या मशीनला. आता कोण मागतंय?"

गणपतीत काचेच्या नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्वच्या, ज्या ॲम्प्लिफायर मशीनवर कर्णे वाजायचे, तिच्या पोटात असाच ट्रान्सफॉर्मर असायचा. ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मला वाटत होतं मी काहीतरी जगावेगळं मागतोय.

(काकांचे हात. बॉबिन फिरतंय. केसासारखी बारीक एनॅमल तार बोटांतून सरकतेय.)

आता या हातांकडे बघा. दर थरानंतर ते एक पारदर्शक पट्टी गुंडाळतात. वाइंडिंगच्या धंद्यात तिला मिलिनेक्स म्हणतात. मोटरच्या खाचांतही हीच घालतात, तारेचा करंट लोखंडात उतरू नये म्हणून. मी ती बोटात धरून बघत बसलो. हे पॉलिएस्टर. माझ्या हेडफोनसारखे पडदे जे लोक घरी स्वतः बांधतात, तेही बहुतेक पॉलिएस्टरचीच फिल्म ताणून बसवतात. काकांची पट्टी जाड, ती व्होल्टेज अडवते. पडद्याची फिल्म तिच्या शंभराव्या हिश्शाइतकी, ती व्होल्टेज अंगावर घेऊन नाचते. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "तार धर नीट. ढिली पडाल्ली."

नवा ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदा लावला तो सिरीज लॅम्पवर. साठ वॅटचा साधा बल्ब, ट्रान्सफॉर्मरच्या रांगेत. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो. आमचा क्षणभर चमकला आणि विझत गेला. काकांनी मान हलवली. पास.

(रात्र. माडीवरचं टेबल. पिवळा दिवा, मल्टीमीटर.)

उरलेलं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून आलं. सीमाभागात राहण्याचा हा एक फायदा, दोन्हीकडचं अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास आणि दोन्हीकडून रात्रीची गाडी. पार्सलवर बेळगाव लिहा नाहीतर बेळगावी लिहा, माल पोचतो. फक्त माल खरा असावा लागतो. ९०० व्होल्टचे म्हणून घेतलेले ट्रान्झिस्टर मी एक मेगओमच्या, म्हणजे दहा लाख ओहमच्या, रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज चढवून तपासले. आठातले तीन ३२० च्या पुढं जाईनात. वरची अक्षरं मात्र अगदी सुबक छापलेली.

सर्किटसाठी मी अमेरिकेतल्या केविन गिलमोर यांनी खुल्या केलेल्या आराखड्यांचा अभ्यास केला. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा ॲम्प्लिफायर घरी बांधणाऱ्या जगभरच्या लोकांनी केजीएसएस किंवा ब्लू हवाई ही त्यांच्या आराखड्यांची नावं ऐकलेलीच असतात. ब्लू हवाईत आउटपुटला ईएल३४ हे व्हॉल्व आहेत. मी व्हॉल्वच्या वाटेला गेलो नाही. जुनंच सर्किट दुरुस्त केलं, आणि २३० चा बायस काढून ५८० चा घातला.

तो असा. २५० च्या एका वाइंडिंगला दोन डायोड आणि दोन कॅपॅसिटर लावून व्होल्टेज दुप्पट केलं, की सातशे येतात. मग ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या झेनर डायोडची माळ. १०० चे पाच, ८२ चा एक. झाले ५८२. तिथून ४.७ मेगओमचा रेझिस्टर, आणि मग हेडफोनचा पडदा. हा रेझिस्टर दोन कामं करतो. पडद्यावरचा भार पटकन हलू देत नाही, आणि चुकून बोट लागलंच तर करंट मिलिॲम्पियरच्याही आत राहतो. अधिक-उणे ३५० च्या बाजूला मात्र अशी दयामाया नाही. तिथं काम करताना मी डावा हात खिशात ठेवतो, आणि प्लग काढल्यावरही मीटरवर शून्य दिसेपर्यंत कशालाही हात लावत नाही. ज्यांना हे अंगवळणी नाही त्यांनी झाकण उघडू नये.

तर मीटर लावला सॉकेटवर. दिसायला हवेत ५८२. दिसले ३९६.

ट्रान्झिस्टर बनावट निघालेच होते, म्हणजे झेनरही असणार. सहाही उपसून काढले, एकेक तपासला. सगळे खरे. परत लावले. ३९६. डायोड बदलले. ३९६. दुसऱ्या रात्री दोन वाजता, चहा गाळताना डोक्यात आलं. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओम. माझा रेझिस्टर ४.७. दोघं मिळून ५८२ व्होल्ट आपसांत वाटून घेताहेत. ५८२ गुणिले १०, भागिले १४.७. बरोबर ३९६. सर्किट पहिल्या मिनिटापासून ठीक होतं. मी मोजायला गेलो म्हणूनच ते खाली येत होतं. तोच मीटर रेझिस्टरच्या अलीकडे टेकवला, आणि ५८२.

त्या दोन रात्रींचे डाग अजून बोर्डावर आहेत. कॅमेरा तिथं नेऊ नका म्हटलं होतं मी.

(पुन्हा पाऊस. काळपट तपकिरी रंगाचं एक गोल सॉकेट.)

हे सगळं फेब्रुवारीत झालं. तेव्हा पाच पिनांचं सॉकेट मी बेकेलाइटच्या शीटमधून घरीच कापलं होतं. मे महिन्यापर्यंत सुरेख चाललं. जुलैत आवाज किंचित बसला, आणि मधूनच तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी चरचर. हेडफोनच बिघडला असं वाटून मी तो सिलिका जेलच्या पुड्यांसकट तांदळाच्या डब्यात ठेवला. आईनं विचारलं, "बासमतीच्या डब्यात काय घातलास?" फरक पडला नाही.

सॉकेट सोडवून काकांकडे नेलं. त्यांच्याकडे मेगर असतो. मोटरचं इन्सुलेशन ५०० व्होल्टवर तपासायचं यंत्र. बायसच्या भोकापासून बॉडीपर्यंत काटा वीस मेगओमवर येऊन थांबला. त्या शीटमध्ये कागदाचे थर असतात, आणि कापलेल्या कडांतून ते हवेतला ओलावा पितात. ५८२ मधले जेमतेम ४७० पडद्यापर्यंत पोचत होते. बाकीचे माझ्याच हातच्या सॉकेटमधून झिरपत होते.

"ह्येला टेफ्लॉन घाल," काका म्हणाले, आणि शेजारच्या गाळ्याकडे बोट दाखवलं.

(लेथ. पांढऱ्या रॉडवरून रिबिनीसारखी लांब साल निघतेय.)

टर्नर रोज बिडाचं काम करणारा. पांढरा रॉड बघून तो खुशीत आला, पण दहा मिनिटंच. "अण्णा, कापतंय लोण्यागत, पण भोक पाडलं की परत आवळतंय." टेफ्लॉन ड्रिलच्या उष्णतेनं फुगतं आणि थंड झालं की जागेवर येतं. पहिल्या तुकड्यात पिना शिरेनात, दुसऱ्यात त्या डुगडुगल्या. तिसऱ्याला त्यानं ड्रिल थोडं मोठं घेतलं, दर भोकानंतर थांबला, फुंकर मारली, आणि वर्नियरनं मोजून मगच पुढच्याला हात घातला. पाच भोकांना पाऊण तास. पैसे त्यानं एकाच तुकड्याचे घेतले. मी तिन्हीचे द्यायला गेलो तर कन्नडमध्ये काहीतरी बोलला. काका म्हणाले, तो म्हणतोय शिकायचे पैसे घेत नाही.

मेगरचा काटा या सॉकेटवर हललाच नाही, म्हणजे झिरपणं बंद. बोर्डावर उरलेला सोल्डरचा चिकट थर, म्हणजे फ्लक्सही टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन काढला, कारण दमट हवेत तोही विजेला वाट काढून देतो.

(माडी. दिवा बंद. ॲम्प्लिफायरचा लाल ठिपका.)

पहिलं लावलं ते कुमार गंधर्वांचं. १९२४ साली ते जन्मले बेळगावजवळच्या सुळेभावीत, तेव्हा दुसरं काय लावणार? गाणं सुरू व्हायच्या आधीचा तंबोरा ऐकत राहिलो. जवारीतून एकामागून एक स्वर उलगडत जातो, तो कुठं सुरू होतो आणि कुठं विरतो ते सुटं सुटं कळतं. तीच फाइल मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

नंतरच्या रविवारी काकांना घरी बोलावलं. ते आले, छत्री दाराशी टेकवली, चहा घेतला. मी हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला आणि गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात त्यांनी हात वर केला.

"गाणं बंद कर."

बंद केलं. ते डोळे मिटून तसेच बसून राहिले. बाहेर पत्र्यावर पाऊस. त्यांनी दोन्ही तळव्यांनी हेडफोन कानाशी दाबून धरला. मग मला कळलं, ते आपला ट्रान्सफॉर्मर ऐकताहेत. गुणगुणतोय का ते.

बऱ्याच वेळानं त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"काय ऐकू येईना बघ," ते म्हणाले, आणि उरलेला चहा बशीत ओतला.