कोलेस्टेरॉलची गोळी, लिव्हर आणि आमचे दाजी

माइक बाजूला ठेवतो, तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागं ओरडून आवाज तयार झालाय. विषय दिलाय, स्टॅटिननं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायच्या गोळीनं, लिव्हर खराब होतं का. सांगतोच, पण आधी दाजींचं सांगू दे, आज ते आलेले नाहीत तोवर.

दाजींची अँजिओप्लास्टी झाली, रात्रीची अटोरवास्टॅटिन, स्टॅटिनमधलीच एक, चालू, दोन वर्षं काही तक्रार नाही. मग सिद्धेश्वर तलावाकडं सकाळी फिरायला जायला लागले. फिरणं चांगलंच ओ, पण नंतर बाकावर बसतात ना, तिथं सगळेच डॉक्टर! कुणीतरी म्हणालं ही गोळी लिव्हर खाते. दाजींनी परस्पर रक्त तपासलं, एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम, ६८, ठळक अक्षरात, शेजारी चांदणी, म्हणजे जास्त. झालं, गोळी बंद. ताईला पत्ता नाही, कारण रोज रात्री पट्टीतनं गोळी काढायचे, पाणी प्यायचे आणि गोळी शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत. चार महिन्यांनी बरणी ताईच्या हाती लागली, चटणीचं तिखट लागून गोळ्या लालभडक, तिला वाटलं उंदराचं औषध! (हशा)

आणि लिव्हर साफ करायला म्हणून हा माणूस रोज गुळवेलीचा काढा पीत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं छापलंय. माझा राग इथं आहे, गोळीच्या खोक्यात बारीक अक्षरात साइड इफेक्ट लिहिलेले असतात म्हणून ती बदनाम, आणि काढ्याच्या बाटलीवर फक्त हिरवं पान. वर पोट सुटलेलं, म्हणजे फॅटी लिव्हर, लिव्हरात चरबी, आधीपासनंच असणार, ते कोण बघतंय!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पटापट. कोलेस्टेरॉल बरंचसं लिव्हरमध्येच बनतं, स्टॅटिन तिथलंच एक एन्झाइम अडवतं, म्हणून एसजीपीटी कधी थोडं हलतं. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पटीच्या वर साधारण शंभरात एखाद्याचं जातं, डोस जास्त असला की जास्त, आणि डोस कमी केला की बहुतेक वेळा उतरतं. लिव्हरला खरी गंभीर इजा लाखात एखाद्याला. म्हणून तर अमेरिकेच्या एफडीएनं, तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१२ मध्ये ठराविक दिवसांनी लिव्हरची तपासणी करत राहा ही अट काढली, आता सुरू करण्याआधी एकदा आणि पुढं गरज पडली तर. गरज म्हणजे डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, अंगाला खाज. असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, बाक नाही. एसजीओटी, हे रिपोर्टमधलं दुसरं एन्झाइम, स्नायूंमधूनही वाढतं, जिम करून लगेच रक्त देऊ नका. साधं फॅटी लिव्हर असलं तरी गोळी चालते, पोटात पाणी झालेला सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललेलं, असेल तर गोष्ट वेगळी.

दाजींचं? डॉक्टरनी काढा थांबवला, गोळी परत चालू केली, सहा किलो वजन उतरलं आणि एसजीपीटी ४१ वर आलं. आता गोळी ताई देते आणि जीभ वर करायला लावून बघते. हां, मागं कोण, लसूण विचारताय? चहानंतर या, अध्यक्ष उठलेत.